कचेरी नव्या इमारतीत गेल्यावर जुना कागद कसा मिळवावा

बडोद्यात सुरसागरजवळच्या न्यायमंदिराच्या पायऱ्या वर्षानुवर्षे तारखांसाठी चढणाऱ्या मराठी कुटुंबांना २०१८ साली आपली वाट बदलावी लागली. तिसऱ्या सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, रॉबर्ट चिझम यांच्या आराखड्यानुसार १८९६ मध्ये उभी राहिलेली आणि दिवंगत महाराणी चिमणाबाईंचे नाव मिरवणारी ती वास्तू मागे राहिली आणि जिल्हा न्यायालय जुन्या पादरा रस्त्याकडे, दिवाळीपुऱ्यातील नव्या संकुलात गेले. नव्या इमारतीच्या उद्घाटनाची बातमी सर्वांनी वाचली. परंतु आपल्या आजोबांच्या दाव्याची मिसल, म्हणजे त्या दाव्याच्या कागदांची फाइल, कोणत्या गठ्ठ्यातून निघून कोणत्या मजल्यावर गेली, हे बातमीत नसते आणि पुढे वाडा विकायला काढल्यावर किंवा वारसनोंद करताना नेमके तेथेच घोडे अडते.

हा लेख त्या अडचणीपुरता आहे. न्यायालय असो, मामलतदार कचेरी असो, सिटी सर्व्हे असो किंवा सब-रजिस्ट्रारचे कार्यालय असो, ते जुनी इमारत सोडून नव्या इमारतीत जाते तेव्हा सामान्य माणसाने आधी काय करून ठेवावे आणि स्थलांतर होऊन गेल्यावर जुना कागद कसा मिळवावा, एवढेच येथे सांगायचे आहे. दाव्याचा किंवा दस्ताचा क्रमांक, त्याचे वर्ष आणि निकालाची किंवा नोंदणीची तारीख या तीन गोष्टी इमारती कितीही बदलल्या तरी टिकतात. कपाट, खोली, टेबल आणि ओळखीचा कारकून यांतले काहीच टिकत नाही. म्हणून स्थलांतराची कुणकुण लागताच पहिले काम हे तीन आकडे हाती घेण्याचे.

उद्घाटनाच्या आधी

आरंभ घरातल्या दप्तरापासून करावा. दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातल्या जुन्या घरांत अजूनही कापडात बांधलेला एखादा गठ्ठा निघतो. त्यात वकिलांची पत्रे, समन्स, कोर्ट फीच्या पावत्या आणि अर्धवट झालेल्या नकला असतात. प्रत्येक कागदाच्या डोक्यावर 'रे. मु. नं.' किंवा 'स्पे. मु. नं.' अशी अक्षरे आणि पुढे क्रमांक व वर्ष असते. पहिले रेग्युलर दिवाणी मुकदम्याचे, दुसरे स्पेशल दिवाणी मुकदम्याचे. अपील झाले असेल तर अपिलाचा क्रमांक निराळा असतो आणि मूळ दाव्याचे कागद कधी अपिलाच्या मिसलीबरोबर बांधलेले असतात, म्हणून दोन्ही क्रमांक टिपून घ्यावेत. वहीत नुसता क्रमांक लिहून पुरत नाही. कोणते न्यायालय, पहिला वादी कोण, पहिला प्रतिवादी कोण आणि निकाल कधी लागला, हेही त्याच ओळीत लिहावे, कारण निकाली मिसली बहुधा निकालाच्या वर्षाप्रमाणे लावलेल्या असतात आणि दावा दाखल झाल्याचे वर्ष सांगून शोधणारा माणूस चुकीच्या मांडणीपुढे उभा राहतो.

नावांच्या बाबतीत बडोद्यातल्या मराठी माणसाने विशेष सावध राहावे. रजिस्टर गुजरातीत, लिहिणारा कारकून गुजराती आणि पक्षकार मराठी, अशा ठिकाणी भोसल्यांचे भोंसले आणि पवारांचे पोवार सहज होतात. माझ्या आत्याच्या वाटणीच्या दाव्याची मिसल एका कचेरीत आम्ही कित्येक महिने शोधत होतो. ती सापडली तेव्हा कळले की आजोबांचे घरात कोणीही कधी न उच्चारलेले, पत्रिकेतले नाव दाव्यात घातले होते. तेव्हापासून मी शोधाच्या अर्जात व्यक्तीची सर्व ज्ञात नावे, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि माहेरचे आडनाव अशी यादीच जोडतो. ज्या दाव्यांची नोंद संगणकावर झाली आहे त्यांच्यासाठी ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने आणि वर्षाने शोध घेता येतो. तेथे नाव रोमन लिपीत असल्याने कुलकर्णी किंवा क्षीरसागर यांसारखी आडनावे दोन-तीन प्रकारे लिहून पाहावी लागतात आणि पुरे नाव टाकण्यापेक्षा सुरुवातीची तीन-चार अक्षरे टाकलेली बरी. शोध लागला की सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक मिळतो. तो टिपून ठेवावा. पुढे न्यायालय कोणत्याही इमारतीत गेले तरी त्या एका क्रमांकावर दावा उघडतो.

आता एक काम असे आहे की जे फार थोडे लोक करतात आणि स्थलांतरापूर्वी ते करण्यासारखे दुसरे काही नाही. दाव्यात आपण हजर केलेले मूळ दस्त, म्हणजे खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, हे निकाल लागल्यावर आपोआप घरी येत नाहीत. ते मिसलीतच राहतात. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील ऑर्डर १३, नियम ९ प्रमाणे, निकालावर अपील चालत नसेल तर दावा निकाली निघाल्यावर, आणि अपील चालत असेल तर अपिलाची मुदत संपूनही अपील झालेले नाही किंवा झालेले अपील निकाली निघाले आहे अशी न्यायालयाची खात्री झाल्यावर, दस्त हजर करणाऱ्याला तो परत मागता येतो. त्याआधीही हवा असेल तर त्याची प्रमाणित नक्कल मिसलीत ठेवून आणि लागेल तेव्हा मूळ दस्त हजर करण्याची हमी देऊन तो मिळू शकतो. हुकूमनाम्यामुळे, म्हणजे न्यायालयाच्या डिक्रीमुळे, जो दस्त पूर्ण रद्दबातल ठरला असेल तो मात्र परत मिळत नाही. परत मिळालेल्या दस्ताची पोच द्यावी लागते. त्या पोचेची एक छायाप्रत स्वतःजवळ ठेवावी. गठ्ठे टेम्पोत चढण्यापूर्वी घराण्याचे खरेदीखत आपल्या घरी आलेले असले, तर पुढची निम्मी चिंता मिटते.

दोन तारखांच्या मधले दिवस

उद्घाटनाची तारीख आणि कामकाज सुरू होण्याची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उद्घाटनाच्या दिवशी पाहुणे, कोनशिला आणि भाषणे असतात. नव्या जागी अर्ज स्वीकारणे कोणत्या दिवसापासून सुरू होणार, हे परिपत्रकाने किंवा अधिसूचनेने वेगळे ठरते. हे परिपत्रक सूचना फलकावर आणि संकेतस्थळावर लागते, बार असोसिएशनकडेही मिळते. त्याचे छायाचित्र काढून ठेवावे, कारण पुढे उशीर झाल्याचे कारण सांगावे लागले तर तोच आपला पुरावा असतो.

मुदतीची भीती येथे अनेकांना उगीचच वाटते आणि काहींना वाटायला हवी तेव्हा वाटत नाही. १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम ४ प्रमाणे, दावा, अपील किंवा अर्ज दाखल करण्याची शेवटची तारीख न्यायालय बंद असलेल्या दिवशी पडली, तर न्यायालय पुन्हा उघडेल त्या दिवशी तो दाखल करता येतो. स्थलांतरासाठी न्यायालय दोन-तीन दिवस बंद राहिले आणि आपली मुदत त्यातच संपली, तर उघडल्याच्या पहिल्या दिवशी हजर व्हावे. दुसऱ्या दिवशी गेल्यास हा आधार उरत नाही आणि अपील किंवा अर्ज असेल तर विलंब माफीचा वेगळा अर्ज करण्याची वेळ येते. न्यायालय बंद नसून केवळ दुसऱ्या इमारतीत सुरू असेल, तर हे कलम उपयोगी पडत नाही. पत्ता चुकला म्हणून मुदत वाढत नसते.

नकलेच्या बाबतीतही असाच एक बारकावा आहे. दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस आणि उच्च न्यायालयात ९० दिवस मिळतात. प्रमाणित नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस त्याच मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे त्यातून वजा होतात. परंतु ते वजा होण्यासाठी अर्ज वेळेत केलेला असावा लागतो. शिवाय नक्कल तयार झाल्यावर आपण ती घ्यायला उशिरा गेलो, तर तो उशीर आपल्या खात्यावर पडतो. अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि ती दिल्याची अशा तारखा नकलेवरच नोंदवलेल्या असतात. नक्कल हाती येताच त्या वाचून पाहाव्यात आणि चूक असेल तर खिडकी सोडण्यापूर्वी दुरुस्त करून घ्यावी. नव्या इमारतीतल्या पहिल्या आठवड्यांत शिक्के आणि रजिस्टरेही नवी असतात, म्हणून चुकांचे प्रमाण अधिक असते, असा माझा अनुभव आहे.

नव्या इमारतीत पहिल्यांदा जाताना

येथे फार सांगण्यासारखे नाही. आधी चौकशी खिडकीवर नक्कल विभाग आणि रेकॉर्ड रूम कोठे आहेत ते विचारावे, कारण जुन्या जागी एकमेकांना लागून असलेल्या या दोन खोल्या नव्या संकुलात निरनिराळ्या मजल्यांवर असू शकतात. ओळखपत्र, कोर्ट फी स्टॅम्पसाठी सुटे पैसे आणि क्रमांकांची वही बरोबर असावी. घरातल्या वृद्धांना सही करण्यासाठी न्यायचे असेल, तर लिफ्ट सुरू आहे ना, हे आदल्या दिवशी कोणाकडून तरी पाहून घ्यावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारतीत उतार आणि सुलभ प्रवेश बंधनकारक केला आहे, तरी उतार मागच्या दाराला असतो आणि आपण पुढच्या दाराशी उभे असतो, असे पुष्कळदा घडते.

नकलेच्या अर्जात न्यायालयाचे नाव, मुकदम्याचा प्रकार, क्रमांक व वर्ष, दोन्ही पक्षांची नावे, निकालाची तारीख आणि नेमका कोणता कागद हवा ते लिहावे. 'सर्व कागदांची नक्कल' असे लिहिणे टाळावे. त्याने खर्च वाढतो आणि काम मागे पडते. मालमत्तेच्या व्यवहारासाठी बहुधा निकालपत्र आणि हुकूमनामा पुरतो. वाटणीच्या दाव्यात अंतिम हुकूमनामा आणि त्याला जोडलेला नकाशा आठवणीने मागावा, कारण प्राथमिक हुकूमनाम्याने फक्त हिस्से ठरतात, कोणती खोली कोणाला ते ठरत नाही. आपण स्वतः पक्षकार नसाल, तर कारण सांगणारे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्याला इकडे मराठी माणसेही सोगंदनामाच म्हणतात, आणि प्रतिज्ञापत्र हा शब्द वापरल्यास टंकलेखक क्षणभर थांबून आपल्याकडे पाहतो.

सगळ्याच कागदांसाठी नव्या इमारतीत जावे लागत नाही, हेही लक्षात ठेवावे. सातबारा, आठ-अ आणि हक्कपत्रकातील नोंदी गुजरात सरकारच्या एनी आरओआर या संकेतस्थळावर पाहता येतात आणि सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डाची माहितीही तेथे मिळते. नोंदणी झालेल्या खरेदीखताचा शोध सब-रजिस्ट्रारकडे इंडेक्स दोन या मालमत्तेवार अनुक्रमणिकेवरून घेता येतो. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे स्थावर मालमत्तेचे पहिले पुस्तक आणि त्याची अनुक्रमणिका फी भरून कोणालाही पाहता येते, त्यासाठी दस्तात आपले नाव असण्याची गरज नाही. मृत्युपत्रांचे पुस्तक तिसरे, आणि ते असे खुले नसते.

जे कागद नव्या इमारतीत गेलेच नाहीत

जुना कागद शोधताना त्याच्या मथळ्यावरून काळ ओळखता येतो. बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले आणि १ मे १९६० रोजी गुजरात राज्य झाले. त्यामुळे एकाच वाड्याच्या कागदांवर गायकवाड सरकार, मुंबई राज्य आणि गुजरात राज्य अशी तीन सरकारे भेटतात. १९४९ नंतरच्या मिसली आजच्या न्यायालयाच्या किंवा कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये शोधाव्यात. संस्थानी काळातील राज्यकारभाराचे दप्तर, विशेषतः हुजूर कचेऱ्यांचे कागद, गुजरात राज्याच्या अभिलेखागार खात्याच्या बडोद्यातील दक्षिण वर्तुळ कार्यालयात जपलेले आहेत. इनाम, वर्षासन, नेमणूक किंवा सनद यांचा माग काढायचा असेल, तर न्यायालयाच्या नव्या इमारतीत हेलपाटे घालण्यापेक्षा तेथे अर्ज करणे शहाणपणाचे. अर्जात घराण्याचे नाव, गाव, हुद्दा आणि अंदाजे वर्षे द्यावीत.

वर्षांचा मेळ हा या कामातला सर्वांत रंजक आणि सर्वांत फसवा भाग आहे. गुजरातेत विक्रम संवत कार्तिकापासून सुरू होतो, म्हणून दिवाळीच्या पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेसाठी संवतातून ५७ वजा करावेत आणि जानेवारीपासून आश्विन अमावास्येपर्यंतच्या तारखेसाठी ५६. संवत १९५३ च्या कार्तिकातला कागद १८९६ चा, पण त्याच संवताच्या वैशाखातला कागद १८९७ चा. महिने मात्र आपल्यासारखेच अमावास्येला संपतात, त्यामुळे तिथीत उत्तरेकडच्या पंचांगाप्रमाणे पंधरवड्याचा फरक पडत नाही. शक असेल तर चैत्र ते डिसेंबर ७८ आणि पुढे फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावेत. जुन्या मराठी कागदांत सुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो आणि तो एकमापासून वाचायचा असतो: 'सबा तिसैन मयातैन व अलफ' म्हणजे सात, नव्वद, दोनशे आणि हजार, अर्थात १२९७. हा सन मृगाला बदलतो, म्हणून जून ते डिसेंबरसाठी ५९९ आणि त्यानंतर मृगापर्यंत ६०० मिळवावेत. रक्कम बाबाशाही रुपयांत असेल तर गोंधळू नये. ते बडोद्याचे स्वतःचे नाणे होते.

कागद मोडीत असेल, तर वाचून देणारा शोधण्यापूर्वी त्याचे दोन्ही बाजूंचे, सपाट उजेडातले छायाचित्र काढावे आणि मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नये. मोडी वाचकाने केलेले लिप्यंतर आणि त्याने सांगितलेला अर्थ हे दोन्ही वेगवेगळे लिहून घ्यावेत. न्यायालयात आधी अक्षरांचा वाद होतो, अर्थाचा नंतर. प्रशासनिक शब्द अडले तर १९३१ मध्ये बडोदे सरकारने प्रसिद्ध केलेला 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' उपयोगी पडतो. त्यात राज्यकारभारातील इंग्रजी शब्दांना मराठी व गुजरातीसह अनेक भारतीय भाषांतील प्रतिशब्द दिलेले आहेत.

'शिफ्टिंगमध्ये फाइल सापडत नाही'

हे उत्तर तोंडी मिळते आणि तोंडी उत्तरावर काहीच करता येत नाही, म्हणून पहिली पायरी ते लेखी घेण्याची. नकलेचा अर्ज परत करताना त्यावर शेरा मागावा. मिसल खरोखर गहाळ झाली आहे, मुदत संपल्याने नष्ट केली आहे, की केवळ गठ्ठे अजून लावलेले नाहीत, या तीन गोष्टींत मोठा फरक आहे. १९१७ च्या अभिलेख नाश कायद्याखाली केलेल्या नियमांप्रमाणे मिसलीतले काही कागद ठरावीक वर्षांनी नष्ट केले जातात, परंतु तसे केल्याची नोंद राहते आणि ती नोंद आपण मागू शकतो.

मामलतदार, सिटी सर्व्हे किंवा महानगरपालिका यांच्या बाबतीत माहिती अधिकाराचा अर्ज हा सरळ मार्ग आहे. गुजरातेत अर्जाची फी २० रुपये आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची. कचेरीची विभागणी होऊन आपला कागद दुसऱ्या कार्यालयाकडे गेला असेल, तर कलम ६(३) प्रमाणे अर्ज ५ दिवसांत तिकडे पाठवण्याची जबाबदारी त्यांचीच आहे. 'ते खाते आता येथे नाही' असे सांगून अर्ज परत करता येत नाही. अर्जात कागदाबरोबर स्थलांतराच्या वेळी केलेल्या गठ्ठ्यांच्या याद्याही मागाव्यात. कोणता गठ्ठा कोणत्या दिवशी कोणी दिला आणि कोणी घेतला, हे त्या यादीत असते, आणि यादी मागितल्यावर फाइल सापडल्याचे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. उत्तर न आल्यास किंवा अपुरे आल्यास ३० दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. फाइल सापडत नाही, एवढे कारण माहिती नाकारण्यासाठी कायद्याने मान्य केलेल्या कारणांत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अशा वेळी कसून शोध घेण्याची आणि जबाबदारी निश्चित करण्याची अपेक्षा स्पष्ट केली आहे.

न्यायालयाच्या मिसलीसाठी मात्र हा मार्ग चालत नाही. गुजरात उच्च न्यायालयासंबंधीच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये ठरवले की न्यायिक कागदांच्या नकला उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे मागाव्यात, माहिती अधिकाराखाली नव्हे. तेथे मिसल गहाळ असल्याचे लेखी उत्तर मिळाले, तर वकिलांमार्फत प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे मिसल पुन्हा तयार करण्याचा अर्ज करावा. पुनर्रचना दोन्ही पक्षांकडच्या प्रतींवरून होते. म्हणून आपल्या वकिलांच्या जुन्या फायली, प्रतिपक्षाच्या वारसांकडचे कागद आणि अपील झाले असल्यास वरच्या न्यायालयातील पेपरबुक, म्हणजे अपिलासाठी एकत्र बांधलेल्या कागदांच्या प्रती, या तीन ठिकाणी विचारणा करावी. भाऊबंदकीच्या दाव्यात प्रतिपक्ष म्हणजे बहुधा चुलतभाऊच असतो. त्याच्याकडे जायला मन घेत नाही, पण माझ्या आत्याच्या हुकूमनाम्याचा हरवलेला नकाशा अखेर त्याच्याच माळ्यावर निघाला.

कागद हाती आल्यावर त्याची स्पष्ट स्कॅन प्रत काढावी आणि वेगळ्या चिठ्ठीवर, मूळ कागदावर नव्हे, दाव्याचा क्रमांक, निकालाची तारीख, नक्कल मिळाल्याची तारीख आणि ती कोणत्या इमारतीच्या कोणत्या विभागातून मिळाली ते लिहून कागदासोबत ठेवावे.